आधी बाबांचं ताट

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही बँकॉकला जायला निघालात आणि तासाभराने बघते तर बाबांची साखर उतरली की द्यायचा ग्लुकोजचा डबा फ्रिजवर तसाच. मुंबईत विमानतळावर जायच्या आधी एखाद्या मेडिकलमधून नवा घेऊन टाक. फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतोस आणि बाबा मागून चिडतात, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आनंदात मला विरजण घालायचं नाही. बाबांना देवळं-राजवाडे दाखवले नाहीस तरी चालेल, बाजार मात्र दाखव. कॉटन मार्केटला तुला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे, आठवतं? संत्र्याच्या सालीला नखाने ओरखडा काढून तुझ्या नाकाशी धरायचे आणि विचारायचे, कुठल्या बहाराचं, आंबिया की मृग? तू डोळे मिटून 'मृग' म्हणायचास, कारण मृग बहाराचं गोड असतं एवढंच तुला ठाऊक. बरोबर आलं की स्वारी दिवसभर खूश, तुझ्यापेक्षा तेच जास्त.

बँकॉकला ओर टोर कोर म्हणून फळांचा बाजार आहे, तिथे त्यांना नक्की ने. चतुचकच्या समोरच, रस्ता ओलांडला की. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारचा. तिथे ऊन, गर्दी आणि नुसती चालाचाल. बाबा प्रत्येक दुकानाशी थांबतील आणि भूक लागल्याचं सांगणार नाहीत. भीती वाटते ती त्याचीच. चालण्याने साखर उतरते, त्यात इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण लांबलेलं. म्हणून ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, त्यांच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, तेव्हा पहिल्या दिवशी तर फारच लक्ष ठेव. घाम फुटला, हात थरथरले किंवा उगाच चिडले, तर वाद घालत बसू नकोस. आधी तीन चमचे साखर पाण्यातून दे, पंधरा मिनिटांनी तपास, मग काय ते बोल. इन्सुलिनचं पेन हातातल्याच बॅगेत ठेव, सामानात टाकलं तर विमानात गोठू शकतं.

आणखी एक. तिकडे भात ज्याचा त्याच्या पुढ्यात असतो, बाकी सगळं मधोमध ठेवून वाटून खातात. बाबांना ते फार आवडेल आणि तिथेच घोटाळा होईल. आपल्याकडे वडाभाताची पंगत असली की सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय ते घास घेत नाहीत. तिथेही मनूला वाढतील, सईला आग्रह करतील आणि स्वतः तसेच बसतील. सईला सांग, आधी बाबांचं ताट. तिच्यासाठी 'जे'चा, म्हणजे तिकडच्या शुद्ध शाकाहाराचा, पिवळा झेंडा लावलेलं दुकान शोध, तिथे फिश सॉसही नसतो. आंब्याबरोबरचा तो नारळाच्या दुधातला चिकट भात बाबांना दोन घास खाऊ दे. एकदम नाही म्हणू नकोस, चेहरा उतरतो त्यांचा.

बघ, पुन्हा तेच. तू सगळ्यांना स्वतःच्या कमाईवर घेऊन चाललास आणि आई सूचनांची यादी पाठवते, राग मानू नकोस. पासपोर्ट आला त्या दिवशी बाबांनी तो दूधवाल्यालासुद्धा दाखवला होता, 'मुलगा नेतोय' म्हणून. मी दारामागे उभी राहून ऐकत होते. इतका अभिमान वाटला की मला बाहेरच येववेना.

माझी काळजी करू नकोस. ताईआत्या रात्री सोबतीला येते आहे, आजींना आज जरा बरं वाटतंय. मनूला उन्हात टोपी घाल. आणि जेवायला बसलात की मला नुसतं 'बसलो' एवढं पाठव, दोन्ही वेळा. फोटो नसला तरी चालेल.

तुझी,
आई