गुडघा दुखावला तर : खेळाडू आणि पालकांसाठी सूचना

मंडळातील सर्व कबड्डी-खोखो खेळाडू व पालकांना नमस्कार.

गुडघ्याच्या दुखापती अंगावर काढू नका, ही कळकळीची विनंती. पाय मातीत किंवा मॅटवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळलं की गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकू शकते. पुष्कळदा ती पाय सरळ होताच आपोआप जागेवर बसते आणि मुलं 'काही नाही, लचकलं' म्हणून पुन्हा चढाईला जातात. पण वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) त्या क्षणी बहुधा फाटलेला असतो. 'कट्' असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, पाय टेकताना दगा देतो असं वाटलं, तर एसीएल (गुडघ्याच्या आतला, मांडीचं हाड आणि नडगी जोडणारा लिगामेंट) तुटल्याची शंका घ्या.

अशा वेळी खेळ तिथेच थांबवा. वाटी सरकलेली दिसली तर ती ढकलून बसवू नका. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, पाय आधार देऊन न हलवता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. मालीश, शेक, ओढून बसवणं नकोच. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे 'हाड मोडलं नाही' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर किमान ९ महिने सामना नाही. निवड चाचणी हुकली तरी चालेल.

मुलींमध्ये एसीएलची दुखापत जास्त आढळते. म्हणून उडी मारून गुडघे वाकवत, ते आत न झुकवता उतरण्याचा सराव रोजच्या वॉर्म-अपमध्ये सर्वांना सक्तीचा राहील. उशिरा येणाऱ्यांनीही तो करूनच मैदानात उतरावं.

– प्रशिक्षक