कोरीव स्मृतिरायफलवरील जळत्या जहाजाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: बॉस्टन टी पार्टीच्या २५० व्या वर्षानिमित्त काढलेल्या रायफलवरील चुकीचे कोरीवकाम, रायफल बदलून किंवा पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या विभागातल्या मराठी ताईंशी गेल्या आठवड्यात फोनवर बोलणे झाले. "तुम्ही मराठीतच सविस्तर लिहा, मी वरपर्यंत पोचवते," असे त्या म्हणाल्या, म्हणून हे पत्र.

ही लिव्हर-ॲक्शन रायफल मी २,८५० डॉलर आगाऊ भरून मागवली. जाहिरातीतल्या चित्रात रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागाच्या) डाव्या बाजूला धक्क्याला लागलेली तीन जहाजे, पेट्या फोडणारी माणसे आणि ओहोटीचे उथळ पाणी होते. त्या चित्रावर विश्वास ठेवूनच पैसे भरले. हातात आलेल्या रायफलवर एकच जहाज आहे आणि तेही पेटलेले. डोलकाठीच्या टोकापर्यंत ज्वाळा कोरून त्यांना सोन्याचा मुलामा दिला आहे. बंदूक हातात घेतली की पहिली नजर तिथेच जाते.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या ग्रिफिन्स व्हार्फ या धक्क्यावर डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवर चहावरच्या ब्रिटिश कराला विरोध करणारे लोक चढले. ३४२ पेट्या फोडून त्यांनी ९२,००० पौंडांहून जास्त वजनाचा चहा पाण्यात ओतला. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीगच्या ढीग जहाजांच्या कडेला साचले. पण कुठेही आग लावली नाही, गोळी झाडली नाही. कुणाचे तरी एक कुलूप तुटले, तर ते दुसरे आणून दिले. राग कशावर काढायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे सगळे मोल यातच आहे, आणि आपण नेमके तेच पुसून टाकले आहे. जहाज जळाले ते पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १७७४ मध्ये, मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला. त्याचे नाव 'पेगी स्टुअर्ट'. त्यावरही चहाच होता, आणि जमावाच्या धाकाने मालकानेच त्याला आग लावली. आपल्याकडे बहुधा या दोन घटनांची गल्लत झाली आहे. कारागिराला मी बोल लावत नाही. भिंगातून पाहिले तर दोरखंडाचा पीळसुद्धा दिसतो, इतका त्याचा हात साफ आहे. त्याला चित्रच चुकीचे दिले गेले.

नळीवरची ओळही बरोबर नाही. 'महाग चहाविरुद्धचा उठाव' असा तिचा अर्थ होतो. प्रत्यक्षात ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्तच होणार होता. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा कर मात्र कायम ठेवला होता. जिथे आपला एकही प्रतिनिधी नाही अशा संसदेचा कर एकदा भरला की तिचा तो हक्क कबूल केल्यासारखे होते, म्हणून लोक अडून बसले. स्वस्त मिळत असतानाही नाही म्हणणारी ती माणसे होती.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. नोव्हेंबर १७७३ मध्ये चहाविरोधी सभेला लोक आधी बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये जमले, आणि गर्दी मावेना म्हणून ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये गेले. त्याच फॅन्युइल हॉलमध्ये मी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या दिवसाची आठवण म्हणून ही रायफल घेतली होती. शिवाय तो चहा ज्या कंपनीचा, तिच्याच मुंबईकर साहेबांशी राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, साष्टी-वसई देऊ केली आणि पुण्याच्या दाराशी लढाई आणली. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही कंपनी परकी नाही.

मुलाम्याचेही सांगायला हवे. तेलाच्या मऊ फडक्याने एकदाच पुसली, तर ज्वाळांच्या कडेचे सोने फडक्याला लागून आले. सोबत फोटो जोडले आहेत.

आपल्याकडून दोन उत्तरे आली. पहिले, हे कलाकाराचे स्वातंत्र्य आहे. ते जाहिरातीचे चित्र काढताना घ्यायचे होते. एक दाखवून दुसरे पाठवणे याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. दुसरे, बंदूक एकदा ग्राहकाच्या नावावर चढली की परत घेतली जात नाही. रायफल ताब्यात घेताना परवानाधारक दुकानात मी परवाना दाखवला, फॉर्म भरला, तपासणी होऊ दिली. तिथे क्रमांक जुळवून पाहतात, इतिहास नाही. कोरीवकामावर संरक्षक फिल्म होती, ती घरी आल्यावर काढली. खरेदीनंतर दोन दिवसांत मी आपल्याला कळवले आहे. पुढच्या खरेदीवर देऊ केलेली १० टक्के सवलत मला नको.

जाहिरातीतल्या चित्राप्रमाणे कोरलेली रायफल त्याच आवृत्ती क्रमांकासह द्यावी, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. परत पाठवण्याचा आणि दुकानदाराच्या शुल्काचा खर्च आपण उचलावा. ज्यांना हीच रायफल गेली आहे, त्या सगळ्यांना चूक लेखी कळवावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार नोंदवणार आहे. तोवर रायफल पेटीत कुलूपबंद आहे, भिंतीवर लावलेली नाही.

आपली ग्राहक,
बॉस्टन

सोबत: पावती, जाहिरातीचे चित्र, रायफलचे सहा फोटो