ईजीआर बंद केलेली गाडी पीयूसीत आरामात पास होते, मंत्रीसाहेब

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री यांस,

सा.न.वि.वि.

मंत्रीसाहेब, माझ्याकडे जुनी टर्बो डिझेल गाडी आहे, बीएस-४ ची म्हणजे बीएस-६ च्या आधीच्या प्रदूषण नियमांची, रोज चालते आणि अजून बरीच वर्षं चालवायची माझी इच्छा आहे. पत्र लिहायचं कारण असं की ही गाडी नियमात राहून दुरुस्त करायची म्हटलं तर दमछाक होते, पण तिचे प्रदूषण कमी करणारे पार्ट काढून टाकायचे म्हटलं तर काम एका दुपारी होतं, आणि आपली पीयूसी टेस्ट या दोन गाड्यांत फरकच करत नाही.

झालं असं की गाडीचा पिकअप गेला, चढाला काळा धूर यायला लागला. गॅरेजमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) उघडला तर आत डांबरासारखा चिकट थर, हवा जायला जेमतेम बोटभर वाट उरलेली. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र येऊन हा थर बसतो, आणि त्यातच ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा जळालेला गॅस परत इंजिनात सोडणारी झडप, अर्धा उघडा अडकला होता. मेकॅनिकने ड्रॉवरमधून ईजीआरची वाट बंद करणारी पातळ स्टीलची प्लेट काढली, गॅस्केटच्या आकारात कापलेली, दोन बोल्टची भोकं आधीच पाडलेली, म्हणाला ही आत टाकली की परत कधी त्रास नाही, सगळे असंच करतात. प्लेट आधीपासून तयार होती हे बघूनच मला कळलं की हे काम किती गाड्यांवर झालं असेल.

ईजीआर करतो काय तर थोडा जळालेला गॅस परत सिलिंडरमध्ये सोडतो. त्याने ऑक्सिजन कमी होतो, जळताना तापमान कमी राहतं आणि हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी कमी जुळतो, म्हणजे एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड वायू) कमी तयार होतो. प्लेट टाकली की एनओएक्स वाढतो, पण इंजिनाला स्वच्छ हवा जास्त मिळते म्हणून धूर कमी होतो, गाडी पळायलाही बरी वाटते, मालक खूश. पण हाच एनओएक्स उन्हात इतर वाफांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतो, आणि यातला नायट्रोजन डायऑक्साइड थेट फुप्फुसाला त्रास देतो, दमा असलेल्याला सगळ्यात आधी.

आता पीयूसी सेंटरवर काय होतं ते बघा. सायलेन्सरमध्ये प्रोब घालतात, न्यूट्रलवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, सोडतात, परत दाबतात, आणि मशीन धुराची दाटी मोजतं. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. बस्स. एनओएक्स मोजत नाहीत, बॉनेट उघडत नाहीत, ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचायची जागा) काही लावत नाहीत. म्हणजे ज्याने ईजीआरला प्लेट मारली त्याचा आकडा चांगला यायची शक्यता जास्त आणि जो अडकलेल्या व्हॉल्व्हवर नवीन पार्टची वाट बघत बसलाय तो नापास, हे मला अजिबात पटत नाही. पेट्रोल टर्बोचं थोडं बरं आहे कारण तिथे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळालेलं इंधन) मोजतात, कॅट म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा केला असेल तर बीएस-४ गाडी पकडली जाऊ शकते, पण मग टेस्टपुरता जुना कॅट बसवायचा आणि नंतर परत कॅट नसलेला डाऊनपाईप लावायचा असले प्रकार चालतात.

मी मेकॅनिकला दोष देणार नाही. जुन्या मॉडेलचा ईजीआर व्हॉल्व्ह मागवला तर कधी येईल कोणी सांगत नाही, मॅनिफोल्ड उतरवून खरवडून साफ करायला वेळ जातो, ग्राहकाला गाडी संध्याकाळी हवी असते. मी साफ करून नवीन व्हॉल्व्ह बसवून घेतला, तोवर गाडी उभी होती, पण ज्याचं पोट त्या गाडीवर आहे तो एवढा थांबेल का? कॅटचं तर विचारूच नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम किती आहे ते बाहेरच्या डब्यावरून कळत नाही, स्वस्तातल्या कॅटमध्ये नावापुरतं असतं. शिवाय टर्बोचं सील गळत असेल तर ऑइल जाऊन नवाकोरा कॅटसुद्धा बाद होतो, मग लोक म्हणतात कॅट टिकतच नाही, काढूनच टाका.

म्हणून माझं म्हणणं, आधी पार्ट मिळायची सोय करा. मॉडेल बंद झालं तरी ईजीआर, कॅट, सेन्सर हे पार्ट कंपनीने ठरावीक वर्षं दिलेच पाहिजेत असं बंधन हवं. बाहेरचा कॅट घ्यायचा तर त्यावर मंजुरीचा नंबर हवा जो मालकाला स्वतः तपासता येईल, कॅलिफोर्नियात आणि युरोपात बदली कॅटवर असा नंबर असतोच. ओबीडी असलेल्या गाड्यांना पीयूसीच्या वेळी स्कॅनर लावा, ज्यांना नाही त्यांचं निदान बॉनेट उघडून बघा. आणि ज्यांच्या गाडीत आधीच प्लेट आहे, त्यातल्या कित्येकांनी ती सेकंडहँड घेतलीय आणि त्यांना माहीतही नाही, अशांना दंड न लावता पार्ट परत बसवायला मुदत द्या. कारवाई करायचीच तर "ईजीआर ऑफ, डीपीएफ ऑफ" अशी उघड जाहिरात करून रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला बदललेला प्रोग्रॅम, विकणाऱ्यांवर करा (डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहेच, गाडीत मनाने बदल करता येत नाही, पण ते कलम आपल्याला बाहेरून दिसणाऱ्या बदलांपुरतंच आठवतं.

नुसतं डोळ्याने बघूनही भागणार नाही हे मान्य. ब्रिटनने २०१४ पासून डीपीएफ काढलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास करायला सुरुवात केली, तर लोकांनी डबा जागेवर ठेवून आतला फिल्टर काढला आणि वरून वेल्डिंग मारलं. शेवटी बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्सने २०२३ मध्ये कण मोजणारं मशीनच तपासणीत आणलं, कारण साधं धुराचं मशीन एवढे बारीक कण पकडतच नाही.

हे आत्ताच लिहितोय कारण बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू आहे, त्या डिझेल गाड्यांत डीपीएफ आहे आणि पहिल्या गाड्यांच्या वॉरंट्या संपल्यात किंवा संपत आल्यात. फिल्टर चोकअप व्हायला लागले की त्या गाड्या त्याच ड्रॉवरवाल्या गॅरेजमध्ये जाणार. पार्टची सोय आणि कण मोजणाऱ्या मशीनचा निर्णय त्याच्या आधी घ्या ही विनंती.

आपला,
जुनी डिझेल गाडी नीट ठेवू पाहणारा एक वाहनमालक