काकाजी, गुरुवारच्या त्या फोनसाठी थँक्यू

काकाजी, नमस्कार.

तुम्ही रिटायर झाले त्या दिवशी मला काही बोलताच आलं नाही. हार झाला, फोटो झाले, समोसे वाटले आणि तुम्ही नेहमीसारखं "चला, येतो मी" म्हणून काटोलच्या गाडीसाठी निघून पण गेले. तोंडावर कोणी चांगलं बोललं की तुम्ही उठून टाकी भरली का पाहायला जाता हे सगळ्या स्टाफला माहीत आहे, म्हणून हे लिहून राहिली आहे. आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं, कारण व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारे आपल्यासारखे खूप जण आहेत आणि प्रत्येकाकडे एक काकाजी नसतात. ताई वाचून दाखवेल तुम्हाला.

इथे यायच्या आधी मी जिथे होती तिथलं मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. पगार दोन-दोन महिने लेट, वीकली ऑफच्या दिवशी पण फोन, आणि पेशंट रिलॅप्स झाला, म्हणजे परत प्यायला लागला, की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच की कौन्सेलिंग कोणी केलं होतं. तीन वर्षं तसं काढलं. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या कोर्सला) असताना मी बर्नआउटवर, म्हणजे कामानं माणूस आतून थकून जातो त्यावर, आठ मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं, फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्यानं ते पाहिलं कुठे तर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात, जिथे नशेत अडकलेली पोरं यायची आणि त्यांच्यासाठी राबणारी माणसं वर्षभरात विझून जायची. म्हणजे हे आपल्याच कामातून निघालेलं दुखणं आहे. उत्तराला पूर्ण मार्क मिळाले, पण स्वतःला तेच झालं आहे हे मात्र मला कळलं नाही, मला वाटायचं मी आळशी झाली.

पहिल्याच आठवड्यातली ती रात्र आठवते का तुम्हाला? मे महिना, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून ब्रदर थकलेला, आणि डिटॉक्समधला, म्हणजे नुकतीच दारू बंद केलेला, एक पेशंट, तिसरी रात्र होती त्याची, भिंतीवर मुंगळे चढून राहिले म्हणून बेडवर उभा. हात थरथरत होते, बनियन घामानं ओली. (दारू एकदम बंद केली की 48 ते 72 तासांच्या आसपास काही जणांना असे भास होतात, झटके तर त्याच्याही आधी येऊ शकतात, म्हणून घरी खोलीत कोंडून कोणाची दारू सोडवू नका, जीव जातो.) ब्रदरनी डॉक्टरांना उठवलं, इंजेक्शनची तयारी सुरू केली, आणि मी दारात नुसती उभी. तुम्ही आधी लाइट लावला. पूर्ण वॉर्डाचा नाही, त्याच्या डोक्यावरचा एकच. मग स्टूल ओढून त्याच्या नजरेसमोर बसले आणि तेच तेच सांगत राहिले, "भाऊ, हे नागपूर आहे, आज मंगळवार आहे, मी इथंच आहो." मुंगळे नाहीत असं एकदाही म्हणाले नाही. पहाटेपर्यंत पंचवीस-तीस वेळा तरी तेच वाक्य, त्याच आवाजात.

सकाळी तो झोपला आणि तुम्ही मला म्हणाले, "म्याडम, तुम्ही रात्री जेवल्या नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडली काकाजी. कामाच्या ठिकाणी मला हे कोणी विचारून कितीतरी दिवस झाले होते.

मग ती किल्ली. तुम्ही स्वतः 11 वर्षांपासून सोबर आहात, एक थेंब घेतला नाही, आणि प्रत्येक शेअरिंगमध्ये उघड सांगता, म्हणूनच इथे लिहिते. 2021 मध्ये तिकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं गेली, तेव्हापासून आपल्याकडे औषधं, स्पिरिट, सॅनिटायझर सगळं एकाच कुलुपात आणि नाइटची किल्ली तुमच्या कमरेला. श्रावणातली सकाळ होती, ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर चालू, मावशीनं नुकताच चहा ठेवला होता, आणि तुम्ही किल्ली सोडून टेबलावर ठेवली. म्हणाले, काकूला जाऊन आज वर्ष झालं, आज रात्री ही माझ्याजवळ नको. डॉक्टरांनी विचारलं, मग सुट्टी घेता का? तर तुम्ही म्हणाले, "नाही, नाइट करतो. घरी एकटं नको." किल्ली ब्रदरकडे गेली, तुम्ही चहा प्यायले, झालं.

पण झालं नाही ना तेवढ्यावर. दोन मिनिटांनी सिस्टर बोलायला लागल्या, घरचं. ते काय होतं मी इथे लिहिणार नाही, पण चार वर्षं एका टेबलावर डबा खाऊन आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. त्यानंतर मावशी बोलली, मग मी. त्या दिवशी हँडओव्हर दीड तास चालला आणि तेव्हापासून आपल्याकडे रिवाजच पडला, आधी स्टाफ, मग पेशंट. आज कोण कसं आहे, कोणाला कोणता वॉर्ड झेपणार नाही, ड्युटी कोणाशी बदलायची. कोणत्या ट्रेनिंगमधून हे आलं नाही, तुम्ही तुमची अडचण लपवली नाही त्यातून आलं. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर सगळीकडे ओपीडीत लावतात, तुम्ही तो स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवला, आपल्यासाठी. मी एकदा रात्री दोनला लावला होता. आज पहिल्यांदा सांगते.

तो पोळ्यानंतरच लावला होता. चंद्रपूरकडचा आपला तो मुलगा, 21 दिवस राहून गेलेला, जाताना माझ्या पाया पडायला वाकला होता. पोळ्याला मित्रांनी बसवला, मग थांबलाच नाही, लिव्हर आधीच गेलेलं, दहा दिवसांत रक्ताची उलटी होऊन वारला. तिकडे 2015 पासून सहा वर्षं दारूबंदी होती तेव्हा पण त्याला मिळतच होती असं तो सांगायचा. मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते) मी इतवारीत अडकली होती, गर्दी ओरडत होती, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि मी स्कूटीवर बसून मनात म्हणत होती, दारू पण ने बाई. तेव्हा तो जिवंत होता, पीत होता, आणि मला माहीतच नव्हतं. नंतर हेच डोक्यात फिरायचं. झोप गेली, पेशंटवर चिडायला लागली, राजीनामा टाइप करून ठेवला होता.

तुम्ही समजावलं नाही. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी चार वाजता तुमचं ते जाड रजिस्टर घेऊन आले, लँडलाइन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, आज माझे डोळे दुखून राहिले, फॉलोअपचे फोन तुम्ही लावा. डोळे दुखत नव्हते, मला नंतर कळलं. पहिला फोन लागलाच नाही. दुसरा बायकोनं उचलला, परत चालू आहे म्हणाली, घेऊन येऊ का? तुम्ही बाजूनं म्हणाले, बेड आहे, आणा म्हणा. तिसऱ्याला मागून माणसांचा आवाज, वारा, आणि तो ओरडून बोलत होता, "म्याडम, कापूस वेचून राहिलो जी, 14 महिने झाले!" मी त्याला ओळखलं पण नाही. माझाच पेशंट होता.

त्या दिवशी 17 फोन लावले, 11 उचलले गेले, 7 जण सोबर होते. मी मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की जो चांगला राहतो तो आपल्याकडे परत येतच नाही, तो शेतात असतो, ऑटो चालवतो, पोराची फी भरतो. परत येतो तो स्लिप झालेला. मग आपल्याला रोज पडलेलेच दिसतात आणि वाटतं की सगळेच पडतात, आपल्या हातून काही होतच नाही. इतकी वर्षं काम करून हे मला कोणी दाखवलं नव्हतं, तुम्ही नऊ वर्षांपासून दर गुरुवारी हे करत होते आणि आम्हाला वाटायचं की केंद्राचं रेकॉर्ड ठेवता.

राजीनामा डिलीट केला. त्या मुलाच्या आईला फोन करायची हिंमत पण त्यानंतरच आली, तुम्ही बाजूला बसले होते.

थँक्यू काकाजी. मनापासून. सिस्टर, ब्रदर, मावशी सगळ्यांकडून.

गुरुवारचे फोन बंद नाही पडले. मी आणि नवीन ब्रदर मिळून लावतो, तो थोडा लाजतो, पण शिकून राहिला आहे. रजिस्टर भरत आलं, दुसरं आणलं आहे, जाड पुठ्ठ्याचंच. आणि तुमचा डबा इथेच राहिला, स्टीलचा, झाकणाला दोरा बांधलेला. मावशीनं घासून ठेवला आहे, शनिवारी सिस्टर काटोलला येणार आहेत, त्यांच्यासोबत पाठवते. रिकामा नाही पाठवत.