भाकिताबरोबर त्याच्या अटीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञानामुळे पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत माणसाचे जगणे कसे बदलेल, याविषयीचे लेख आपल्या पुरवणीत नेहमी येतात आणि मी ते आवडीने वाचतो. मात्र त्यांतील बहुतेक भाकिते ‘अमुक सालापर्यंत अमुक होईल’ एवढेच सांगून थांबतात. ते कशाच्या आधारे आणि कोणत्या अटीवर होईल, हे क्वचितच कळते. माझ्या मते भाकिताचे खरे मोल त्या अटीत असते.

रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये इशारा दिला की, हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्याची रीत सापडली नाही, तर वाढत्या लोकसंख्येला गहू पुरणार नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ती रीत प्रयोगशाळेत दाखवली, १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि ती टंचाई टळली. म्हणून क्रुक्स चुकले असे मी म्हणणार नाही, कारण नेमके काय शोधायला हवे हे त्यांनी आधीच सांगितले होते.

याउलट, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, असे गणित स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. आजच्या अंदाजांपेक्षा तो आकडा जास्त असला, तरी दिशा अचूक होती. पण ही वाढ अतिशय संथ असेल आणि पुढच्या पिढ्यांना त्यातून सुखद हवामान लाभेल, असे त्यांना वाटले. औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्षात सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० भागांच्या पुढे गेला आहे. निसर्गाचा नियम त्यांना गणिताने सापडला. माणसे किती कोळसा आणि तेल जाळतील, हे त्या गणितात बसणारे नव्हते.

आजच्या भाकितांतही हीच माणसांची बाजू सुटते, आणि मला सर्वाधिक काळजी तिची वाटते. जनुक-संपादनावर, म्हणजे पेशीतील जनुकांत नेमका बदल करण्यावर आधारलेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात प्रथम मान्यता दिली, तेव्हा आनुवंशिक आजारांचे दिवस भरले असे सांगितले जाऊ लागले. या उपचारात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढून प्रयोगशाळेत बदलतात, तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. त्यासाठी सुसज्ज रुग्णालयात कित्येक आठवडे राहावे लागते. अमेरिकेत या औषधाची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. या आजाराची सर्वाधिक बालके मात्र सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मतात. शोध खरा आहे, अभिमान वाटावा असा आहे. पण ‘माणसाचे जगणे बदलेल’ या वाक्यातला माणूस कोणता, हे त्यातून ठरत नाही.

तेव्हा विनंती अशी की, असा प्रत्येक लेख छापण्यापूर्वी लेखकाला तीन गोष्टी स्पष्ट करायला सांगाव्यात: शोधाचा कोणता टप्पा अजून बाकी आहे, तो कशावाचून अडला आहे, आणि तो पार पडल्यावर उपयोग प्रथम कोणाला होईल. लेख थोडे लांबतील, पण आम्हा वाचकांची त्याला हरकत नसेल.

आपला,
एक नियमित वाचक