मालिका बघितली तर बिघडलं कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धकाळातल्या लोकांच्या करमणुकीवरचा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. लेखक विद्वान आहेत, भाषाही सुरेख. पण मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडत असताना मालिका बघणारे आणि आयपीएलची चौकशी करणारे सगळे ‘बधिर’, असा निकाल त्यांनी देऊन टाकला, म्हणून हे पत्र.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा फौजेत. तेव्हा जम्मूकडे होता. ७ मेला सकाळी ‘ऑपरेशन सिंदूर’च्या कारवाईची बातमी आली आणि त्याचा फोन लागेना. घरात कुरडईचे गहू भिजत घातलेले. गहू काही कुणासाठी थांबत नाहीत, वास मारायला लागतात. जाऊबाईंनी चीक काढला, चुलीवर चढवला आणि हाटायला बसल्या. चीक हाटताना हात थांबला की गाठी धरतात. हात थांबवायचा नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं. रात्री आठला नेहमीची मालिका लावली. शेजारच्या एकीनं ऐकवलंच, “पोरगं तिकडं अन् हिला मालिका सुचूलालीय!” मालिकेत काय चाललंय विचारलं असतं, तर जाऊबाईंना एक वाक्य सांगता आलं नसतं.

मालिका नको तर बघायचं काय, बातम्या? ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर पार उद्ध्वस्त करून टाकलं होतं. सकाळी बंदर जागच्या जागी! वर बातम्यांच्या मागं हवाई हल्ल्याचा भोंगा. शेवटी १० मेला सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं, की कार्यक्रमात भोंगे वाजवू नका, नाहीतर खरा वाजेल तेव्हा लोक लक्ष देणार नाहीत. जाऊबाई आधीच म्हणाल्या होत्या, “बंद कर गं ते. लेकराला फोन लागंना, अन् ह्यायला भोंगे सुचूलालेत.” करमणूक नेमकी कोण करत होतं, यावर लेखकांनी अवाक्षर काढलेलं नाही. वाहिन्यांवर चर्चेला जात असतील, म्हणून असेल.

आयपीएलचं म्हणाल तर ८ तारखेला धरमशालेचा सामना अर्ध्यात थांबला, दुसऱ्या दिवशी स्पर्धा स्थगित झाली आणि १७ मेला पुन्हा सुरूही झाली. ‘कधी सुरू होणार’ हे आमच्या घरीही विचारलं गेलं. त्यात देशद्रोह कुठला?

लेखाशेजारच्या चौकटीतले उपाय तर काय सांगावेत. दीर्घ श्वास घ्या, भावनांची वही लिहा, मोबाइल दूर ठेवा. ज्या बाईचा मुलगा सीमेवर आहे तिनं मोबाइल दूर ठेवायचा? जाऊबाई तो पदरात बांधून कुरडया घालत होत्या. आमच्या सासूबाई निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांतलं सांगायच्या. १९४८ च्या सप्टेंबरात नळदुर्गाकडून फौजा आल्या तेव्हा घरातले दागिने पुरून ठेवले होते, पण पहाटेचं दळण एक दिवस चुकलं नाही. त्यांनाही बधिर म्हणणार का?

पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी फौजीच्या एखाद्या घरी जाऊन यावं. आमच्याकडे आले तर चहा मिळेल, तळलेल्या कुरडयाही मिळतील.

आपली,
एक जुनी वाचक, अंबाजोगाई

ता. क. : शब्दकोडं आमच्या आवृत्तीत येतं, पण दुसऱ्या दिवशी उत्तराच्या जागी प्लॉटची जाहिरात असते. यजमान रोज सकाळी त्यावरून माझ्यावर चिडतात. तेवढं बघावं.