आधीच मिटणारे डोळे

संपादक महोदय,

पोलिसांच्या वार्षिक गोळीबार सरावाचा फोटो आपल्या अंकात पाहिला. सहा जण रांगेत, पिस्तुले रोखलेली, आणि एकाच्याही कानावर काही नाही. त्यातल्या एका मुलीचे डोळे गच्च मिटलेले. घरात सगळे हसले. मला काही हसू आले नाही. बारा वर्षे बटवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, मीही अशीच उभी राहत होते.

मी महिला हवालदार म्हणून निवृत्त झाले. ९ एमएम पिस्तूल पहिल्यांदा चालवले ते कानात घरचा कापूस कोंबून. कानात जी शिट्टी बसली ती रात्री झोपेपर्यंत. पुढे दरवर्षी चापावर बोट गेले की खांदे आपोआप वर आणि गोळ्या टार्गेटच्या डावीकडे, खाली. उस्ताद ओरडायचे, "घाबरतेस कशाला?" अहो, रात्रपाळीला दारुड्यांना एकटीने गाडीत बसवणारी बाई मी!

खोड सापडली ती शस्त्रागारातल्या एका म्हाताऱ्या आर्मररना, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्यांना. मला पाठ फिरवायला लावून त्यांनी मॅगझीन भरले, जिवंत काडतुसांत मधेच दोन ड्रिलची, म्हणजे न उडणारी नकली. दोन बार झाले. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतेच 'टक'. आणि पिस्तुलाचे तोंड चांगले दोन बोटे खाली गेलेले मला स्वतःला दिसले. आवाज नाही, धक्का नाही, तरी हात खाली! "पोरी," ते म्हणाले, "गोळी नळीबाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. धक्का कळेपर्यंत ती गेलेली असते. तू त्याच्या आधीच दचकतेस."

मग दोन महिने ड्युटीआधी पंधरा मिनिटे शस्त्रागारात. पिस्तूल रिकामे आहे हे दोघांनी तपासायचे, स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, रुपयाचे नाणे ठेवायचे, नजर फोरसाइटच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीच्या, टोकावर, आणि चाप इतका सावकाश ओढायचा की कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये. नाणे पडले की पुन्हा पहिल्यापासून. कानांसाठी मेव्हण्याने कारखान्यातले मफ आणून दिले. पुढच्या सरावात दहापैकी नऊ लागल्या. दहावी गेलीच, डावीकडे खाली! सराव सुटला की ही खोड परत येते.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले. त्या प्रकारात पिस्तूल असते २२ बोअरचे, ९ एमएमपेक्षा कितीतरी मवाळ, तरी नेमबाज कान झाकल्याशिवाय उभे राहत नाहीत. ९ एमएमचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढचा एकच बारही कानाला इजा करू शकतो. आमच्या पोरांना मात्र कापूस, तोही आपापला.

जास्त गोळ्या द्या, असे मी म्हणत नाही. उघड्या कानांनी जास्त गोळ्या झाडल्या तर दचकणे आणखी मुरते. प्रत्येक बटवर मफ, मूठभर ड्रिल काडतुसे आणि सरावाआधी आठवडाभर रोज पंधरा मिनिटे रिकाम्या पिस्तुलावर, एवढे गृह विभागाने करावे. फार खर्चाचे नाही.

माझ्या कानातली शिट्टी आता कायमची झाली आहे. कुकरची समजून दोनदा गॅस बंद केला. भात कच्चा राहिला.

— एक निवृत्त महिला हवालदार, सातारा
(कृपया नाव छापू नये.)